उरलेला एक तास: झोपेला द्यावा की जमिनीवरच्या व्यायामाला?

पहाटेचा सराव आणि दिवसभराचा अभ्यास किंवा काम सांभाळणाऱ्या जलतरणपटूच्या हाती आठवड्यातून दोन-तीनदा एखादा तास उरतो. तो ‘ड्रायलँड’ला, म्हणजे जमिनीवरच्या व्यायामाला द्यावा की झोपेला, हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही.

झोपेच्या बाजूने बोलणारे आकडे बोलके आहेत. ऑस्ट्रेलियातील अव्वल जलतरणपटूंच्या एका पाहणीत पहाटेच्या सरावाआधीच्या रात्री त्यांना सरासरी 5.4 तास, तर सुट्टीआधीच्या रात्री 7.1 तास झोप मिळाल्याचे आढळले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जलतरणपटूंनी सहा-सात आठवडे रोज दहा तास झोपेचे लक्ष्य ठेवले, तेव्हा 15 मीटरची वेळ सुमारे अर्ध्या सेकंदाने सुधारली आणि उडीच्या वेळचा प्रतिसादही जलद झाला. मात्र खेळाडू पाचच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा मी दिशादर्शक मानतो, हमी नव्हे.

अडचण अशी की सरावाची वेळ ठरलेली असल्याने जादा झोप रात्रीच्या आरंभीच मिळवावी लागते, आणि किशोरवयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकलेले असते. साडेआठला दिवा मालवून छताकडे पाहत पडण्यापेक्षा दुपारची अर्ध्या तासाची डुलकी आणि संध्याकाळच्या कॉफीला रजा, हा मार्ग बहुतेकांना अधिक पेलतो.

जमिनीवरचा व्यायाम जे देतो, ते पाणी पुरेसे देऊ शकत नाही, कारण पाणी ढकलले की सरकते; स्टार्ट ब्लॉक (जिथून शर्यतीची उडी घेतात तो चौथरा) आणि तलावाची भिंत सरकत नाहीत. 50 मीटरच्या शर्यतीत पहिले 15 मीटर म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, म्हणून स्प्रिंट पोहणाऱ्याला स्क्वॉट आणि उड्यांचा मोबदला लवकर दिसतो. लांब पल्ल्याच्या खेळाडूला याची गरज नाही असे म्हणणारे एक हिशेब विसरतात: 25 मीटरच्या तलावात 1500 मीटर पोहताना 59 वेळा भिंतीला पाय रेटून वळावे लागते.

खांद्यांचा मुद्दा तर दोघांनाही लागू होतो. भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे, हात डोक्यावर नेऊन तळवे एकमेकांवर ठेवावेत आणि कंबर भिंतीपासून किती सुटते ते पाहावे. ती कमानीसारखी उचलली जात असेल, तर पाण्यातली स्ट्रीमलाइन, म्हणजे हात पुढे ताणून शरीर सरळ ठेवण्याची स्थितीही तशीच वाकडी असण्याची शक्यता आहे. दिवसभर फोनवर किंवा टेबलावर वाकून बसणाऱ्यांत हे सर्रास दिसते. रबर बँडने खांदा बाहेरच्या दिशेने फिरवण्याचे व्यायाम आणि छातीचे ताण येथे वजन उचलण्याआधी यावेत.

माझा कौल असा: गजराशिवाय जाग येत नसेल आणि झोप सात तासांहून कमी असेल, तर तो तास निःशंक झोपेचा, किशोरांसाठी ही मर्यादा आठ तासांची धरावी. झोप पुरेशी असेल, तर आठवड्यातून दोन दिवस ड्रायलँड करावे, पण किकच्या, म्हणजे पाय मारण्याच्या कठीण सरावाच्या आदल्या संध्याकाळी पायांवर वजन घेऊ नये. स्पर्धेला दोन आठवडे उरले, की नव्याने ताकद कमावण्याची वेळ टळलेली असते. तेव्हा जड वजने बाजूला ठेवून बँडचे व्यायाम दहा मिनिटांत उरकावेत आणि बाकीचा वेळ झोपेला द्यावा.