एलईडी काढून परत साधा हॅलोजन: वॅगन आरच्या दिव्यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

माझी नोकरी बेळगावात उद्यमबागेत, घर खानापूरला. दुसरी पाळी असली की रात्री अकरानंतर परतीचा रस्ता. महिन्यातनं दोन-तीनदा जांबोटीवरून कणकुंबीला सासुरवाडीला जाणं होतं. म्हणजे गाडी निम्मी अंधारातच चालते, आणि दिव्यांबद्दल मी जे लिहितोय ते याच रस्त्यांवरचं आहे.

गेल्याच्या गेल्या खंडेनवमीला गाडीची पूजा करायच्या आधी मी पुढच्या दोन्ही दिव्यांत एलईडीचे बल्ब बसवून घेतले. पांढराशुभ्र उजेड पडला, पहिले चार दिवस फार बरं वाटलं. मग समोरून येणारे सारखे डिपर मारायला लागले. मी डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावरच असायचो, तरी. आधी मला त्यांचाच राग यायचा. एका रात्री मेव्हण्याला माझी गाडी चालवायला दिली आणि मी त्याच्या गाडीतून समोरून आलो, तेव्हा कळलं. डोळ्यांपुढं नुसता पांढरा गोळा, रस्त्याची कडाच दिसेना.

कारण बल्बच्या रचनेत आहे. आमच्या गाडीत एच४ जातीचा हॅलोजन बल्ब लागतो, त्यात तापून उजेड देणाऱ्या दोन तारा असतात, एक अप्परची म्हणजे लांबच्या झोताची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून वर उडणारा झोत कापला जातो. आतला आरसा त्या तारेच्या नेमक्या जागेच्या हिशोबानं घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्या जागेवर आणि त्या आकारात बसल्या नाहीत की झोत फाटतो. डिपरचा उजेड आपल्याकडं डाव्या बाजूला थोडा वर चढलेला असतो, कडेचं दिसावं म्हणून. माझ्या गाडीत तो चढच गेला होता.

हे महत्त्वाचं का, ते आपल्या भागात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. ऊसतोड सुरू झाली की रात्रीच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रेडियमची पट्टी. टायर फुटला की ट्रॉली तिथंच डाव्या कडेला उभी, मागं दोन दगड ठेवलेले. फेब्रुवारीत अशीच एक ट्रॉली मला अगदी शेवटच्या क्षणी दिसली. शेजारी बायको होती, मागं पोरगी झोपलेली. त्या रात्रीनंतर माझं मन त्या बल्बांवरून उतरलं.

तरी काढले नाहीत. पैसे घातले होते. जूनमध्ये पाऊस लागला आणि कणकुंबीच्या रस्त्यावर धुकं उतरलं. त्या पांढऱ्या उजेडात समोर नुसती भिंत उभी राहायची, ओला डांबरी रस्ता काळाकुट्ट. शिवाय दिव्याच्या काचेत आतून बाष्प धरलं ते जाईना. हॅलोजन तापतो, त्या उष्णतेनं आतला ओलावा सुकतो. एलईडीची उष्णता पुढं काचेकडं न जाता मागच्या पंख्याकडं जाते.

बेळगावातल्या इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यानं दिव्याच्या मागचा बूट, म्हणजे रबरी झाकण, काढून दाखवला. “बघा की ओ दादा, पंखा बसावा म्हणून बूट कापलाय. पाणी न येऊन काय करतंय?” दोन्ही बूट नवे घेतले आणि फिलिप्सचे साधे ६०/५५ वॅटचे (अप्पर ६०, डिपर ५५) हॅलोजन बसवले. जोडीला ४०० रुपयांच्या आसपास गेले. शंभर वॅटचेही मिळतात, पण ते घेऊ नका. साठ वॅटला पाच अँपिअर लागतात, शंभरला आठाच्या वर. कंपनीचं वायरिंग तेवढ्यासाठी नसतं. त्याच दुकानात करपून काळा पडलेला होल्डर मी पाहिलाय.

त्यानंतर सेटिंग केलं, आणि खरा फरक त्यानं पडला. टायरमध्ये हवा बरोबर, जमीन सपाट, झोत वर-खाली करायची लेव्हलची चकती शून्यावर, गाडी भिंतीपासून १० मीटरवर. डिपरच्या झोताची वरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली आणायची. मागं माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असलं की चकतीचा आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. ही चकती कशासाठी असते हेच मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

नऊ महिन्यांत एक बल्ब उडाला, डावा. तो मी घरीच बदलला. दिवा बंद, बल्ब थंड, कपलर म्हणजे वायरचा जोड ओढायचा, बूट काढायचा, तारेची क्लिप दाबून बाजूला. नवा बल्ब खालच्या पत्र्याला धरूनच घालायचा. काचेला बोट लागलं तर बोटाचं तेल तिथं राहतं, ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटनं पुसा. तिन्ही कान एकाच पद्धतीनं बसतात, जोर लावायचा नाही. बॅटरीच्या बाजूला हात जात नाही, तिथं अर्धा तास गेला. बल्ब वारंवार उडत असतील तर मात्र चार्जिंग तपासून घ्या. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावं.

मागच्या दिव्यांकडं कुणी बघतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ब्रेक आणि पार्किंगला एकच २१/५ वॅटचा (ब्रेकला २१, पार्किंगला ५) बल्ब असतो, त्याच्या दोन्ही पिना वर-खाली असतात. उलटा दाबून बसवला तर पार्किंगच ब्रेकएवढं लखलखतं आणि ब्रेक मारला तरी मागच्याला कळत नाही. इंडिकेटर भराभर टिकटिकायला लागला की त्या बाजूचा एक बल्ब गेला म्हणून समजा. त्याला नारिंगी बल्बच लागतो. पिना वेगळ्या कोनात असल्यानं साधा पांढरा तिथं बसत नाही. होल्डरात हिरवा गंज धरला असेल तर आधी तो घासा, नवा बल्ब नंतर.

आता डॅशबोर्डाच्या खणात एक एच४, एक २१/५, एक नारिंगी आणि नंबर प्लेटचा एक कॅपलेस (पत्र्याची टोपी नसलेला) असे चार बल्ब फडक्यात गुंडाळून ठेवलेत. दर रविवारी पोरगी मागं उभी राहते, मी ब्रेक दाबतो आणि ती “दोन्ही लागले पप्पा” म्हणून ओरडते.

यंदाच्या हंगामात उभ्या ट्रॉल्या दोनदा आडव्या आल्या. दोन्ही वेळा डाव्या कडेच्या त्या चढत्या उजेडात मागचं चाक लांबूनच दिसलं. उजेड पिवळसर आहे, आणि अप्पर एलईडीइतका लांब जात नाही हेही खरं. काच दिवाळीत पॉलिश करून घेतली होती, ती परत पिवळी पडायला लागलीय. पावसाळ्याआधी तेवढं काम राहिलंय.