छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या केबल: एक्स्टेंशन घ्यायची, रेडीमेड सेट मागवायचा की स्वतः कापून स्लीव्ह करायच्या?

आधी हे बघा की तुमच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट किती लिटरचं आहे, कारण सगळा निर्णय तिथेच अर्धा होतो. कूलर मास्टरच्या एनआर२०० सारखं १८ लिटरचं असेल आणि त्यात एसएफएक्स (छोट्या आकाराचा) एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, असेल तर बॉक्समधल्या केबल बऱ्यापैकी बसतात, थोड्या दाबाव्या लागतात पण बसतात. पण डॅन ए४-एसएफएक्स साधारण ७ लिटरचं, फॉर्मडी टी१ दहा लिटरच्या आत, अशा सँडविच कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड एका बाजूला, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या बाजूला आणि मधे बोटभर जागा, तिथे १०-१५ सेंटिमीटर जास्तीची केबल म्हणजे थेट फॅनच्या तोंडावर बसलेला बोळा. माझं कॅबिनेट याच जातीचं आहे म्हणून मी हे सगळं करून बसलोय, आणि मला मनापासून सांगायचंय ते एवढंच की छोट्या कॅबिनेटमध्ये लांबी पहिली, स्लीव्ह (वायरीवर चढवायचं विणलेलं आवरण) नंतर. लोक फोटो बघून रंग आधी ठरवतात, मग सुंदर केबल येते आणि साइड पॅनल लागत नाही.

एक्स्टेंशनचं लवकर आटोपतो. मोठ्या टॉवरमध्ये एक्स्टेंशन छान, स्वस्त, मूळ केबल मागे लपवायची आणि पुढे रंगीत तीसेक सेंटिमीटर दिसू द्यायची. छोट्या कॅबिनेटमध्ये तुम्ही आहे त्या लांबीत अजून लांबी घालताय, वर २४ पिनचा (मदरबोर्डच्या मुख्य केबलचा) एक पूर्ण जाड जोड कुठेतरी कोंबावा लागतो. व्होल्टेज पडतं म्हणून एक्स्टेंशन वाईट असं बरेच जण सांगतात, त्यात फार दम नाही, ८ पिनच्या ग्राफिक्स केबलमधून १५० वॅट गेले तरी तीन वायरींमध्ये वाटून एकेकीतून सव्वाचार अँपिअरच जातात आणि १८ गेजच्या (गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप) ३० सेंटिमीटर वायरमध्ये तेवढ्याने २५-३० मिलिव्होल्टच पडतात. अडचण जागेची आहे, आणि जोड एक वाढला की सैल होऊ शकणारी जागाही एक वाढते. दहा लिटरच्या आत एक्स्टेंशन घेऊ नका, विषय संपला.

रेडीमेड कस्टम सेट म्हणजे तुम्ही एसएमपीएसचं मॉडेल आणि लांबी सांगायची, ते बनवून पाठवतात. हातात पडतो तेव्हा खरंच देखणा असतो आणि क्रिंप (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या पिना) तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले असतात, हे मान्य करायला हवं. पण पैसे लागतात, बाहेरून मागवला तर ड्युटी आणि थांबणं, आणि माप तुम्हालाच द्यायचंय. मी पहिल्यांदा माप पट्टीने सरळ रेषेत घेतलं होतं, २४ पिनची केबल चार सेंटिमीटर कमी पडली आणि परत पाठवायची सोय नव्हती. तेव्हापासून सुतळी घेतो, एसएमपीएसच्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत केबल जशी जाणार त्या वाटेने वळवून, दोन्ही टोकांच्या वळणासकट, आणि वर दीड-दोन सेंटिमीटर ठेवतो. आणि हे सगळं कार्ड, कूलर, रायझर (कार्ड बोर्डाला जोडणारी केबल) जागेवर असताना, रिकाम्या कॅबिनेटमध्ये घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही.

आता इथे जे लिहितोय ते कुठलाही पर्याय निवडा तरी लागू आहे. मॉड्युलर (ज्याच्या केबल सुट्या निघतात अशा) एसएमपीएसच्या बाजूचं वायरिंग स्टँडर्ड नसतं. मदरबोर्डच्या बाजूची २४ पिन सगळीकडे सारखी, एसएमपीएसच्या बाजूला प्रत्येक कंपनी आपल्या मनाने पिना लावते, आणि प्लग मात्र बिनधास्त बसतो. एकाच कंपनीतसुद्धा फरक असतो, कॉर्सेअरच्या टाइप ३ आणि टाइप ४ मध्ये २४ पिनचं वायरिंग वेगळं आहे. दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावून एसएसडी, हार्डडिस्क, बोर्ड जळालेले लोक आहेत. मित्राकडे पडून असलेली सुंदर स्लीव्ह केलेली केबल "बसतेय ना" म्हणून लावू नका, प्लीज.

मग उरतं स्वतः करणं, आणि त्यात दोन वेगळी कामं आहेत जी लोक एकच समजतात. एक म्हणजे असलेली केबल आखूड करणं, दुसरं म्हणजे नवीन वायर घेऊन सगळं शून्यापासून बनवणं आणि स्लीव्ह चढवणं.

आखूड करणं हे माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा देणारं काम आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही कारण फोटोत काही दिसत नाही. लागतं काय, तर चांगला क्रिंपिंग टूल (इंजिनिअर या जपानी कंपनीचा किंवा स्वस्तात आयविसचा एसएन-२८बी), मिनी-फिट ज्युनिअरचे टर्मिनल (या प्लगमध्ये बसणाऱ्या धातूच्या पिना), आणि पिन काढायचं साधन, ते नसेल तर स्टेपलरच्या दोन पिना, टर्मिनलच्या दोन्ही बाजूंचे काटे आत दाबले की वायर मागून ओढून निघते. घाई केली तर प्लगचं प्लॅस्टिक तुटतं तेवढं जपा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत टर्मिनल विचारून बघा, पण टर्मिनल कुठल्या गेजच्या वायरसाठी आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका, पातळ वायरच्या टर्मिनलमध्ये १८ गेजची वायर नीट धरली जात नाही.

कापायची कुठल्या टोकाला, हे महत्त्वाचं. २४ पिनच्या केबलमध्ये काही ठिकाणी दोन वायरी एका टर्मिनलमध्ये जातात, त्यातली १३ नंबरच्या पिनवरची ३.३ व्होल्टची सेन्स वायर बहुतेक ठिकाणी सापडेल, एसएमपीएस तिच्यावरून बघतो की बोर्डापाशी नक्की किती व्होल्ट पोचताहेत. या जोडवायरी बहुतेक वेळा मदरबोर्डच्या बाजूला एकत्र होतात आणि एसएमपीएसच्या बाजूला वेगवेगळ्या पिनांवर जातात. म्हणून मी मदरबोर्डचं टोक अजिबात उघडत नाही, एसएमपीएसच्या टोकाला कापतो, तिथे एका टर्मिनलला एकच वायर, काम सरळ. दोन वायरी एका टर्मिनलमध्ये नीट क्रिंप करणं ही नवख्याची गोष्ट नाही, बाकी सगळं चांगलं जमलेल्या माणसाचंही तिथे बिनसतं. आणि सेन्स वायर कशाला हवी म्हणून सोडून देऊ नका, तिच्याशिवाय काही एसएमपीएस चालूच होत नाहीत.

एका वेळी एकच वायर. काढली, कापली, सोलली, क्रिंप केली, परत त्याच भोकात घातली, मग पुढची. सगळ्या एकदम काढल्या तर फोटो असूनही गोंधळ होतो कारण आजकाल सगळ्या वायरी काळ्याच असतात. क्रिंप झाल्यावर वायर ओढून बघायची, चांगली ओढायची. माझी ग्राफिक्सची एक वायर मी ओढून बघितली नव्हती, महिनाभर सगळं ठीक, नंतर लोड आला की मशीन रिस्टार्ट, दोन आठवडे ड्रायव्हर बदलत बसलो आणि शेवटी बघतो तर ते टर्मिनल प्लगमधून मागे सरकलेलं. त्यापेक्षा ओढून बघणं दोन सेकंदांचं काम आहे. मधे कापून पिळून टेप लावून देणारे रिपेअरवाले भेटतील, सोल्डर करून देतो म्हणतील, तिथून परत या, जोड मधे नको.

शून्यापासून बनवणं म्हणजे वेगळाच पसारा. २४ पिनमध्ये २० नंबरची पिन रिकामी असते, तरी २३ वायरी, दोन टोकं, म्हणजे ४६ क्रिंप, वर जोडवायरी, प्रोसेसरची ८ पिन म्हणजे आणखी १६, ग्राफिक्सची ८ पिन अजून १६. मला २४ पिनलाच तीन संध्याकाळी लागल्या आणि शेवटच्या दहा वायरी पहिल्या दहांपेक्षा कितीतरी चांगल्या झाल्या, म्हणून सुरुवात प्रोसेसरच्या केबलपासून करा, ती लहान आहे आणि त्यात फक्त १२ व्होल्ट आणि ग्राउंड असतं. वायर घेताना तांब्याचीच आहे ना बघा, बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते, तिचा रेझिस्टन्स जास्त. एक तार ब्लेडने खरवडायची, आत चंदेरी निघाली तर घेऊ नका (टिनचा थर दिलेली खरी तांब्याची वायर वरून चंदेरी आणि आतून तांबडी असते, म्हणून खरवडणं गरजेचं).

स्लीव्हमध्ये मुख्य दोन पर्याय, पॅराकॉर्ड आणि पीईटी. पॅराकॉर्ड म्हणजे ट्रेकिंगवाल्यांची ५५० दोरीच, आतले धागे ओढून काढायचे आणि पोकळ नायलॉनमधून वायर सरकवायची, टोक लायटरने किंचित वितळवून दाबायचं, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) न लावताही टोक सुबक दिसतं. मऊ आहे, वळते, खालची वायर दिसू देत नाही. धूळ मात्र धरते. पीईटी जाळीसारखी, चकचकीत, कडक, धूळ ब्रशने निघून जाते, पण टोकाला हीटश्रिंक लागतेच आणि पांढरी किंवा फिकट जाळी ताणली की खालचा वायरचा रंग डोकावतो. छोट्या कॅबिनेटसाठी मी दोन्हींत पॅराकॉर्डच घेईन, कारण पीईटीची केबल तीव्र वळण घेताना परत उसळते आणि पॅनलला ढकलते.

पण तिसरा पर्याय विसरू नका, काहीच न चढवणं. १८ गेजची साधी वायर दोन मिलिमीटरच्या जरा वर जाड असते, स्लीव्ह चढली की जवळपास दुप्पट, २४ वायरींचा गठ्ठा केवढा होतो ते तुम्हीच धरा. सिलिकॉनच्या आवरणाची वायर घेतली तर ती शेवयांसारखी वळते, कुठेही दडपता येते, फक्त आवरण मऊ आणि जाड असल्यामुळे टर्मिनलच्या मागच्या पंखांत धरताना जपून. माझ्या कॅबिनेटमध्ये आता २४ पिन सिलिकॉनची बिनस्लीव्हची आहे, आणि काचेतून दिसणारी फक्त ग्राफिक्सची केबल पॅराकॉर्डमध्ये. बघणाऱ्याला फरक कळत नाही, हवेला कळतो.

एक केबल मात्र घरी बनवू नका असं मी स्पष्ट सांगेन, ती म्हणजे नवीन ग्राफिक्स कार्डची १६ पिनची. ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांवर वाटले की एकेकीवर सव्वाआठच्या वर, आणि पिनचं रेटिंग त्याच्या फार वर नाही. जुन्या ८ पिनवर सव्वाचार होते, हा फरक लक्षात घ्या. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या, नंतर २०२३ मध्ये १२व्ही-२x६ नावाची सुधारित रचना आली, तरी प्लग पूर्ण आत बसलेला हवा आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवायची. सँडविच कॅबिनेटमध्ये नेमकी तिथेच जागा नसते, तेव्हा ही केबल तुमच्या एसएमपीएससाठीच बनवलेली, योग्य लांबीची, रेडीमेड घ्या, १६ गेजची. पैसे इथे घाला, हवं तर बाकी सगळं घरी करा.

म्हणजे माझ्या मते १५ लिटरच्या वर असाल तर आहे ती केबल ठेवा, फार तर प्रोसेसरची केबल आखूड करा. त्याखाली असाल आणि हाताला सवय नसेल तर रेडीमेड, सुतळीने माप घेऊन. हात चालतो आणि दोन-तीन शनिवार मोकळे आहेत तर आखूड करा, स्लीव्हचं नंतर बघा, कदाचित लागणारही नाही. आणि एसएमपीएसची पेटी कुठल्याही परिस्थितीत उघडायची नाही, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात, काम फक्त बाहेरच्या सुट्या केबलवर.

पहिल्यांदा चालू करण्याआधी मल्टिमीटर बझरवर (जोडणी असेल तर वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून एकेक पिन या टोकाकडून त्या टोकाला वाजवा, शेजारच्या पिनेशी वाजत नाही ना तेही बघा. मग केबल फक्त एसएमपीएसला लावा, बोर्ड, कार्ड, डिस्क काहीच नको, २४ पिनमधली १६ नंबरची पिन शेजारच्या १७ नंबरच्या ग्राउंडला तारेच्या तुकड्याने जोडून एसएमपीएस चालू करा आणि व्होल्टेज मोजा, १० आणि ११ वर १२, ४ आणि ६ वर ५, १ आणि २ वर ३.३. हे आकडे कागदावर लिहून शेजारी ठेवा, मी अजूनही ठेवतो.