केनियाच्या मिशन ट्रिपमध्ये १५,७९,९०० रुपये बुडाले: लस टोचली नाही, तिथेच कळायला हवं होतं

कळवा, ऐरोली, वाशीकडच्या चर्चच्या मंडळ्यांनो, एखादा ‘ब्रदर’ प्रार्थनासभेत येऊन नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत दहा दिवस सेवा, अशी पत्रकं वाटत असेल तर आधी हे वाचा. आमच्या मंडळीतून अकरा जण जाणार होते. गेले फक्त पैसे.

माणशी नोंदणी ३,५००, पहिला हप्ता ४५,०००, दुसरा ५२,०००, ‘व्हिसा व लस’ १८,०००. म्हणजे माणशी १,१८,५०० आणि अकरा जणांचे १३,०३,५००. अनाथाश्रमाच्या बोअरवेलसाठी अर्पणातून २,४०,००० वेगळे. शेवटी, संशय येऊनसुद्धा, जुन्या कपड्यांच्या खोक्यांचं ‘कस्टम क्लिअरन्स’ म्हणून ३६,४००. जुने कपडे! नैरोबीत गिकोम्बाला मितुंबाचा, म्हणजे जुन्या कपड्यांचा, अवाढव्य बाजार आहे. तिथे वाशीचे शर्ट कोणाला हवे होते?

आता ती लस. निघायची तारीख १२ नोव्हेंबर. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. परतताना मुंबई विमानतळावर लस घेतल्याचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन. म्हणजे २ नोव्हेंबरच्या आत अकराही जणांना लस मिळायला हवी होती. जो खरोखर माणसं केनियाला नेतो तो पहिल्या हप्त्याबरोबरच लसीच्या रांगेत उभं करतो. मंडळीतल्या नर्सताईंनी ग्रुपवर विचारलं, “ब्रदर, येलो फीवर कार्ड कधी?” उत्तर आलं, “मिशन ग्रुपला सूट आहे ताई, विश्वास ठेवा.” अशी कुठलीही सूट नसते. आणि सूट होती तर १८,००० मध्ये लस धरली कशाला? खाली नऊ जणांनी ‘आमेन’ टाकलं. तो ‘आमेन’ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आम्ही अडाणी नव्हतो. पीएनआर एअरलाइनच्या साइटवर टाकून पाहिला होता, अकराही नावं दिसत होती. पण पैसे न भरता नुसती जागा धरून ठेवली तरी पीएनआर मिळतो. तिकीट निघालं की तेरा आकडी तिकीट नंबर येतो, केनिया एअरवेजचा असेल तर ७०६ ने सुरू होणारा. तो मागा. मिळाला नाही तर दुसरा हप्ता देऊ नका.

व्हिसाची तर गंमतच. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाच बंद केलाय. आता ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, लागतो, साधारण ३० डॉलर, आणि अर्ज घरबसल्या सरकारी साइटवर करता येतो. पासपोर्ट कुठेही पाठवायचा नसतो. आणि पर्यटक म्हणून जाऊन सेवाकार्य करता येत नाही, त्याला वेगळा पास लागतो. ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणणारा माणूस तिथे कधी गेलेलाच नसतो.

पत्रकावर अनाथाश्रम ‘स्थापना २०२१’. केनियाने नवीन बालगृहांची नोंदणी २०१७ सालीच थांबवली होती. हे आम्ही पैसे गेल्यावर वाचलं.

परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला टीसीएस, म्हणजे विकतानाच कापायचा आयकर, घ्यावाच लागतो, तो तुमच्या पॅनवरच्या कराच्या नोंदीत दिसतो. आमच्याकडे कोणी पॅन मागितला नाही तेव्हा उलट बरं वाटलं, कटकट गेली म्हणून! पैसे ट्रस्टच्या खात्यात नाही, ब्रदरच्या बचत खात्यात यूपीआयने गेले. ‘परदेशी चर्च अर्धी रक्कम याच खात्यात घालणार’ असं तो म्हणायचा. परदेशी देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि तिचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच असतं. बायबलमधल्या पौलाने यरुशलेमची वर्गणीसुद्धा एकट्याने नेली नव्हती, सोबत भाऊ घेतले होते. आमची थैली मात्र येशूला दगा देणाऱ्या यहूदासारख्या एकट्याकडे.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला एकोणिसाव्या दिवशी. लाजेपोटी. त्याच दिवशी करायचा असतो. खात्यात उरले होते ८,२१५ रुपये, तेवढे गोठवले. बँक म्हणाली, ओटीपी चोरीला गेला नाही, तुम्ही स्वतः पाठवलेत. खाडीच्या अलीकडचं पोलीस स्टेशन म्हणालं, पैसे पलीकडे दिलेत, तिकडे जा. पलीकडचे म्हणाले, राहता अलीकडे. फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्यात, बीएनएसएस कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते, हे छापून नेलं. साहेबांनी कागद बाजूला सारला, म्हणाले ही दिवाणी बाब आहे. मग ‘धर्मांतराची भानगड तर नाही ना?’ मग ‘एकानेच तक्रार द्या, अकरा कशाला?’ मग ‘पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून आणा’. सहा फेऱ्या झाल्या. ब्रदरच्या छापील पत्रावर ज्या चर्चचं नाव होतं, ते म्हणतात हा आमचा पाळकच नाही, आणि तेवढं लेखी द्यायलाही तयार नाहीत!

एफआयआर होत नसेल तर पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, मग मॅजिस्ट्रेटकडे जा. आम्ही आता तिथे आहोत.

चौघांचे पासपोर्ट अजून ब्रदरकडेच आहेत. पोलीस स्टेशन म्हणतं, ‘हरवले’ असं ऑनलाइन भरा, लगेच दाखला मिळेल. हरवलेले नाहीत हो साहेब, त्याने घेतलेत.