क्रूझच्या बंदरापर्यंत: बस की ट्रेन?

क्रूझ बुक करताना केबिन कुठली, बाल्कनी हवी की नको, जेवणाची वेळ कुठली यावर घरात आठवडाभर चर्चा होते. बंदरावर पोचायचं कसं हा प्रश्न मात्र शेवटी, पाच मिनिटांत उरकला जातो. दोन वेबसाइट उघडायच्या, ट्रेनला किती वेळ लागतो आणि बसचं तिकीट किती ते बघायचं, की झालं. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: ट्रेन लवकर पोचते, बस स्वस्त पडते. हे खरं असलं तरी निर्णय त्यावर घेऊ नये. जहाज पकडायचं असेल तेव्हा गाडी तुम्हाला नेमकी कुठे उतरवते आणि ती चुकली तर पुढची किती वाजता, हे दोन प्रश्न वेग आणि भाड्यापेक्षा मोठे असतात.

त्याहीआधी एक काम करा. तिकिटावर शहराचं नाव आहे की बंदराचं, ते नीट वाचा. क्रूझ कंपन्या 'रोम' विकतात, जहाज सुटतं चिवितावेक्कियाहून, म्हणजे साधारण ८० किलोमीटर लांबून. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळपास २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, तेही २०० किलोमीटरच्या पुढे. व्हेनिसची गंमत आणखी वेगळी. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून आणि जुडेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून विकलेली सफर कधी मार्गेराहून, कधी त्रिएस्तेहून, तर कधी रावेन्नाहून सुरू होते. रावेन्नाचं क्रूझ टर्मिनल पोर्तो कोर्सिनीला, म्हणजे शहर सोडून समुद्रकाठी. ट्रेनने रावेन्नाला पोचलात तरी पुढे रस्त्यानेच जावं लागतं. अशा वेळी क्रूझ कंपनी व्हेनिसहून बस देत असेल, तर ट्रेनचा विचारही करू नका.

स्टेशनालगतची बंदरं

काही बंदरांत वाद संपल्यातच जमा आहे. वार्नेम्युंडेचं स्टेशन क्रूझच्या धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. रोस्टॉकहून लोकलने वीसेक मिनिटांत पोचता येतं. इंग्लंडमधल्या हार्विचला 'हार्विच इंटरनॅशनल' हे स्टेशन टर्मिनललाच लागून आहे. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून निघायचं, बहुतेक वेळा मॅनिंगट्रीला गाडी बदलायची, की उतरल्यावर समोर जहाज. ॲमस्टरडॅममध्ये मुख्य स्टेशनपासून पॅसेंजर टर्मिनल पायी पंधरा मिनिटं, नाहीतर २६ नंबरची ट्राम. व्हँकूव्हरचं कॅनडा प्लेस हे क्रूझ टर्मिनल वॉटरफ्रंट स्टेशनच्या शेजारीच आहे आणि विमानतळावरून कॅनडा लाइन ही मेट्रो तिथे सुमारे पंचवीस मिनिटांत आणून सोडते. योकोहामाच्या ओसानबाशी धक्क्याला निहोन-ओदोरी स्टेशनवरून चालत जाता येतं. इथे बस घेण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

इंग्लंडमधल्याच डोव्हरला गेलात तर एक गोष्ट डोळ्यांत भरेल. तिथलं क्रूझ टर्मिनल वन हे मुळात रेल्वे स्टेशन होतं. लंडनची गाडी थेट जहाजापाशी यायची. १९९४ मध्ये ते बंद झालं आणि दोनेक वर्षांत त्याच भव्य छताखाली क्रूझचे प्रवासी यायला लागले. आता ट्रेन येते डोव्हर प्रायरीला, तिथून धक्का सुमारे दोन किलोमीटर. टिलबरीचंही तसंच: टर्मिनललगतचं रिव्हरसाइड स्टेशन १९९२ मध्ये बंद झालं, आता टिलबरी टाउनला उतरून पुढची सोय बघावी लागते. म्हणजे जहाजांसाठी बांधलेली रेल्वे गेली आणि जहाजं राहिली. जुन्या प्रवासवर्णनांत 'बोट ट्रेन'बद्दल वाचून कुणी भरवसा ठेवणार असेल, तर त्याने आधी नकाशा बघावा.

दुसऱ्या टोकाला पोर्ट कॅनाव्हरल. फ्लोरिडातलं अतिशय गजबजलेलं क्रूझ बंदर, पण प्रवासी रेल्वे नाही. ब्राइटलाइन ही खासगी रेल्वे सप्टेंबर २०२३ पासून मायामीहून ऑर्लँडो विमानतळापर्यंत धावते, तिथून पुढे तासाभराचा रस्ता बसने नाहीतर टॅक्सीने. इथे निवड करायला काही उरतच नाही.

साउदॅम्प्टन आणि चिवितावेक्किया

खरी डोकेफोड होते ती अशा बंदरांत, जिथे दोन्ही सोयी चांगल्या आहेत. साउदॅम्प्टनला लंडनच्या वॉटरलूहून ट्रेन सव्वा-दीड तासात पोचते आणि तासाला एकापेक्षा जास्त गाड्या असतात. लंडनच्याच व्हिक्टोरिया बसस्थानकावरून बस दोन-अडीच तास घेते. पहिल्या नजरेला ट्रेनच जिंकते. पण ट्रेन सोडते साउदॅम्प्टन सेंट्रलला, आणि क्रूझ टर्मिनलं आहेत पाच. सिटी, मेफ्लॉवर आणि होरायझन पश्चिम गोदीत, ओशन आणि क्वीन एलिझाबेथ टू पूर्व गोदीत. पूर्व गोदीतलं टर्मिनल आलं, तर बॅगा ओढत चालण्याचा विचार सोडा. मग टॅक्सी. जहाज सुटण्याच्या दिवशी स्टेशनबाहेर टॅक्सीची रांग बघितली, की ट्रेनने वाचवलेल्या तासातला निम्मा तिथेच गेलेला असतो. बस कंपनी काही सफरींसाठी थेट टर्मिनलच्या दारापर्यंत जाते. आपली बस तशी आहे का, एवढंच तिकीट काढण्याआधी तपासायचं. थेट दारात जाणारी असेल तर अडीच तास लागले तरी बस घ्या. शहरातल्या बसस्थानकावर सोडणारी असेल तर ट्रेन, कारण टॅक्सी दोन्हीकडे करावीच लागणार.

आता हाच प्रवास हीथ्रोहून करून बघा. चित्र एकदम पालटतं. विमानतळावरून ट्रेनने जायचं म्हणजे आधी लंडनमध्ये शिरायचं, मग वॉटरलू गाठायचं, मग साउदॅम्प्टन. बस हीथ्रोच्या सेंट्रल बसस्थानकावरून सरळ निघते. लांबच्या विमानप्रवासानंतर, झोप नीट झालेली नसताना, भुयारी मेट्रोच्या जिन्यांवरून दोन मोठ्या बॅगा नेणं यात कसलीही मौज नाही. म्हणून माझा साधा हिशोब असा: शहराच्या मध्यावरून निघत असाल तर आधी ट्रेन बघा, विमानतळावरून निघत असाल तर आधी बस.

चिवितावेक्कियाला हाच हिशोब लागू पडतो. रोमच्या तेर्मिनीहून प्रादेशिक गाडीला साधारण सव्वा तास, वेगवान गाडीला पाऊण तासाच्या आसपास. सान पिएत्रो किंवा त्रास्तेवेरे स्टेशनच्या जवळ राहत असाल तर तेर्मिनीपर्यंत जायचीही गरज नाही, प्रादेशिक गाडी तिथे थांबते. पण रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून ट्रेन म्हणजे त्रास्तेवेरेला उतरून गाडी बदलणं आलं, तिथे थेट बस किंवा शटल सोयीची.

ट्रेनने गेलात तर एक बारीक गोष्ट. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो. उतरल्यावर जहाज लगेच दिसत असलं तरी धक्क्यापर्यंत पायी जाण्याच्या भानगडीत पडू नका. समुद्राच्या कडेने पंधरा-वीस मिनिटांवर लार्गो देल्ला पाचे नावाची जागा आहे, तिथून बंदराची मोफत शटल तुमच्या जहाजापर्यंत नेते. स्टेशनवरून तिथवर जायला स्थानिक बसही आहे. हे सगळं धरून ट्रेनचा सव्वा तास प्रत्यक्षात दोन तासांचा होतो.

बॅगा

बसमध्ये बॅग डिकीत गेली की उतरेपर्यंत तिची काळजी नाही, पण नग आणि वजन मोजून असतं. बऱ्याच कंपन्या बॅगेमागे २० किलोच्या आसपास मर्यादा ठेवतात आणि जास्तीच्या बॅगेची जागा आधी राखावी लागते. क्रूझला माणूस दोन जोडी बूट आणि समारंभाचे कपडे घेऊन निघतो, तेव्हा हा नियम वाचलेला बरा. ट्रेनमध्ये वजन सहसा कुणी करत नाही, पण उचलायचं तुम्हीच. फलाट आणि डब्यामधली फट, अरुंद दार, दाराजवळचा सामानाचा रॅक आधीच भरलेला, मग बॅग पायांत घेऊन बसायचं किंवा दर स्टेशनला दाराकडे बघत राहायचं. गाडी बदलायची असेल आणि मध्ये आठ मिनिटं असतील, तर लिफ्ट फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे यावर सगळं अवलंबून राहतं. बॅग एकट्याने उचलून तीन पायऱ्या चढता येत नसेल, तर गाडी बदलावी लागणारी ट्रेन घेऊ नका. टर्मिनलवर पोचलं की हमाल मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या थेट केबिनपाशी येतात, म्हणून जहाजाची लेबलं घरूनच लावा. पासपोर्ट आणि औषधं मात्र खांद्यावरच्या पिशवीत. बसच्या डिकीतही नकोत.

उशीर झाला तर

जहाज पाच वाजता सुटतं म्हणजे पावणेपाचला पोचून चालत नाही. दार तास-दीड तास आधी बंद होतं आणि यात कुणाचा आडमुठेपणा नसतो. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजाला तर प्रवाशांची यादी निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारकडे पाठवावीच लागते.

इथे ट्रेनचं पारडं जड होतं, पण वेगामुळे नाही. दर अर्ध्या तासाला गाडी असलेल्या मार्गावर एखादी रद्द झाली तर पुढची मिळते. दिवसात दोन-तीनच बस असलेल्या मार्गावर एक चुकली की टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही. उलट बस वाहतूक कोंडीत अडकली तरी चालक दुसरा रस्ता धरू शकतो. रुळावर पुढची गाडी बंद पडली तर मागची जागच्या जागी. इटलीत संप जाहीर झाला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात, त्यामुळे अशा दिवशी पहाटेच निघावं. इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि ट्रेनचं तिकीट काढलेल्या माणसाला बसमध्ये बसवतात. तीही थेट जाणारी नाही, वाटेतली स्टेशनं घेत जाणारी! जहाज शनिवार-रविवारी सुटत असेल तर हे आधी बघाच.

नुकसानभरपाईवर फार विसंबू नका. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ट्रेनला तासाभरापेक्षा जास्त उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांपुढे ५० टक्के परत मिळू शकतात. बससाठीचे नियम ढिले आहेत, त्यातले बरेचसे २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या मार्गांनाच लागू होतात. पण दोन्हीकडे भरपाई मिळते ती त्या तिकिटाची, हुकलेल्या क्रूझची नव्हे. ती जबाबदारी फक्त एकाच वाहनासोबत येते: क्रूझ कंपनीच्या स्वतःच्या बससोबत. ती महाग असते, कधीकधी डोळे पांढरे होतील इतकी. पण बंदर लांब असेल, त्याच दिवशी विमानाने उतरणार असाल, किंवा भाषेची अडचण असेल, तर ते पैसे मी देईन. आदल्या रात्री बंदराच्या गावात मुक्काम करणार असाल तर अजिबात देणार नाही. तेव्हा बस घ्या की ट्रेन, जी स्वस्त असेल ती.

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी ट्रेन, यात दुमत नाही. पुढे समुद्र आहेच. व्हीलचेअर असेल तर ट्रेन सहसा सोपी, पण मदत आधी सांगून ठेवावी लागते. बसला युरोपात किमान ३६ तास आधी कळवावं लागतं.

परतीचं तिकीट मात्र जाण्याच्या तिकिटासारखं काढू नका. जहाज सकाळी सहाला धक्क्याला लागलं तरी तुमचा नंबर कधी लागेल, इमिग्रेशनला किती रांग असेल, हे आपल्या हातात नसतं. ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट काढून ठेवलं तर केबिनमधून उतरल्यापासून घड्याळाकडेच लक्ष राहतं. परतताना ट्रेन असेल तर कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. बस असेल तर दुपारची घ्या, आणि आधीच्या बसमध्ये जागा असेल तर बदलून मिळते का ते तिकीट काढतानाच विचारून ठेवा.