न्यूमोसिल (न्यूमोकोकल लस): लेकीचे तिन्ही डोस झाल्यावर

माझ्या लेकीला ही लस आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर. खासगी दवाखान्यात हिच्यासाठी चांगले पैसे मोजावे लागतात, इथे एक रुपयाही लागला नाही. बाटलीवरचं लेबल मी वाचलं: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे या लशीचं मला फार कौतुक आहे. न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस जिवाणू पेशीत शिरत नाही, बाहेरच राहून वाढतो. त्याच्याभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. ओल्या साबणाच्या वडीसारखा तो पांढऱ्या पेशींच्या हातून निसटतो. कवचाला अँटीबॉडी चिकटल्या की त्यांच्यामुळे रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनंही तिथे बसतात. मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना पकड मिळते आणि त्या जिवाणूला गिळून टाकतात. अडचण अशी, की दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या शर्करेविरुद्ध धड अँटीबॉडी बनवत नाही. म्हणून या लशीत ती शर्करा सीआरएम१९७ या प्रथिनाला जोडलेली असते. हे घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी रूप. प्रथिन आलं की टी-पेशी (याही पांढऱ्या पेशीच) मदतीला येतात, आणि एवढ्याशा बाळातही जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मरणपेशी तयार होतात. ही जोडणी ज्यांना सुचली त्यांना माझा नमस्कार!

मर्यादाही सांगते. न्यूमोकोकसचे नव्वदहून जास्त प्रकार आहेत, ही लस त्यातल्या 10 प्रकारांवर आहे. शिवाय न्यूमोनिया इतर जंतूंमुळेही होतो. त्यामुळे लस झाली तरी बाळाला धाप लागली, छाती आत ओढली जाऊ लागली तर तडक दवाखाना गाठायचा.

सुई उजव्या मांडीत दिली. पहिल्या डोसाला रात्री ताप आला, पण त्या दिवशी डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट ही पाच रोगांवरची लसही होती, तेव्हा दोष कुणाचा ते सांगता येणार नाही. सिस्टरनी अर्धा तास बसवून ठेवलं, कार्डावर पुढची तारीख लिहून दिली. लस कशासाठी हे मात्र रांगेतल्या एकीलाही कुणी सांगितलं नाही. ते सांगायलाच हवं.

आमच्या गल्लीतल्या दोघी ‘दोन झाले ना, पुरे’ म्हणत होत्या. बूस्टर चुकवू नका. खाली आलेली अँटीबॉडीची पातळी त्यानेच पुन्हा चढते, आणि गोवर-रुबेलाच्या लशीच्या दिवशीच तो मिळत असल्याने वेगळा हेलपाटाही पडत नाही.