खोल फोल्डरपर्यंत लवकर कसं पोहोचायचं: बुकमार्क, आरसिंक की वेगळं एफटीपी खातं?

वर्डप्रेस थीममधली एखादी सीएसएस फाइल (साइटचं रंगरूप ठरवणारी) बदलायची तर सर्व्हरवर आधी पब्लिक एचटीएमएल, त्यात डब्ल्यूपी-कन्टेन्ट, मग थीम्स, मग आपली थीम, मग अ‍ॅसेट्स असं उतरत जावं लागतं. तेवढंच पुन्हा आपल्या संगणकाच्या बाजूला. एफटीपीत, म्हणजे संगणक आणि सर्व्हर यांच्यात फायली ने-आण करायच्या पद्धतीत, हे रेंगाळतं, कारण प्रत्येक फोल्डर उघडला की सर्व्हरकडून त्याची यादी मागवली जाते आणि दर यादीसाठी वेगळी डेटा जोडणी उघडते. वाटेत हजारो फायलींचा फोल्डर आला तर बघायलाच नको. पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरचा पुरा पत्ता, एकदम दिला की मधल्या याद्या टळतात. खालचे बहुतेक उपाय याच गोष्टीवर उभे आहेत.

महिन्यातून एखाद्या वेळीच जात असाल तर फाइलझिला या एफटीपी प्रोग्राममध्ये 'रिमोट साइट'च्या (सर्व्हरच्या बाजूच्या) पट्टीत पाथ पेस्ट करून एंटर दाबा. एवढं पुरे, बाकी काही बसवू नका.

कायम एकाच फोल्डरमध्ये काम असेल तर फाइलझिलाच्या साइट मॅनेजरच्या (सर्व्हरच्या नोंदी साठवायच्या खिडकीच्या) 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये दोन्ही बाजूंचे डिफॉल्ट फोल्डर देऊन ठेवा. जोडणी झाली की थेट तिथेच उतरता. अडचण एवढीच, की एका नोंदीला जागा एकच मिळते.

दोन-चार ठिकाणी ये-जा असेल तर माझं मत सरळ बुकमार्कला. कंट्रोल-बी दाबलं की नवा बुकमार्क तयार करता येतो. ग्लोबल न घेता त्या साइटपुरता घ्या. त्यासाठी सर्व्हरची नोंद साइट मॅनेजरमध्ये हवी, नुसतं क्विककनेक्ट (नोंद न साठवता जोडणं) चालत नाही. यात स्थानिक आणि सर्व्हरवरचा, दोन्ही पाथ एकत्र राहतात, आणि खरा वेळ तिथेच वाचतो. चुकीच्या फोल्डरात फाइल पडते ती बहुधा एक बाजू पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली म्हणून. बुकमार्कमध्येच सिंक्रोनाइज्ड ब्राउझिंगची खूण केली तर एका बाजूला फोल्डर उघडताच दुसरी बाजूही सोबत सरकते. मात्र आतल्या फोल्डरांची नावं दोन्हीकडे सारखी हवीत. स्थानिक प्रतीत 'सीएसएस' आणि सर्व्हरवर 'स्टाइल्स' असेल तर जोडी तिथेच तुटते.

विनएससीपी हा फाइलझिलासारखाच दुसरा प्रोग्राम. तो फक्त विंडोजवर चालतो, पण विंडोजवर असाल तर फाइलझिलाच्या आधी तो बघा. शेवटचा फोल्डर लक्षात ठेवायची सोय सेशनच्या (साठवलेल्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये आहे, आणि लोकेशन प्रोफाइलमध्ये दोन्ही बाजूंची जोडीही साठवता येते. शिवाय 'कीप रिमोट डिरेक्टरी अप टू डेट' चालू ठेवलं की स्थानिक फोल्डरवर नजर ठेवून बदललेली फाइल तो स्वतःच चढवतो. फोल्डर शोधायचा प्रश्नच मिटतो. पण चालू साइटवर हे वापरताना जपून, अर्धवट लिहिलेली फाइलही सेव्ह करताच वर जाते.

एसएसएच (सर्व्हरवर आज्ञा देता येणारी सुरक्षित जोडणी) मिळत असेल आणि टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती नसेल तर आरसिंक, म्हणजे दोन फोल्डर एकसारखे ठेवणारी आज्ञा. पाथ एकदा स्क्रिप्टमध्ये लिहिला की खोली कितीही असो, फरक पडत नाही; जातात त्याही फक्त बदललेल्या फायली. एक स्लॅश मात्र नीट बघा: स्रोत फोल्डरच्या शेवटी तो असेल तर आतला मजकूर जातो, नसेल तर फोल्डरच जातो आणि सर्व्हरवर सीएसएसच्या आत आणखी एक सीएसएस तयार होतो. डिलीटचा पर्याय (स्रोतात नसलेल्या फायली सर्व्हरवरून पुसणारा) लावणार असाल तर आधी ड्राय रन, म्हणजे काहीही न बदलता रंगीत तालीम, करून काय पुसलं जाणार ते वाचा. एखादीच फाइल कधीतरी चढवणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये.

राहिलं वेगळं एफटीपी खातं. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचा कारभार बघायच्या पानावर) खातं उघडताना डिरेक्टरीच्या रकान्यात तो खोल फोल्डर दिला की त्या खात्याची सुरुवातच तिथून होते आणि वर चढता येत नाही. स्वतःसाठी हे काचतं; आज थीम, उद्या अपलोड्स, म्हणजे खाती बदलत बसा. डिझायनरला किंवा बाहेरच्या माणसाला प्रवेश द्यायचा असेल तेव्हा मात्र हेच द्यावं. तरीही त्याला अभेद्य समजू नका. त्या फोल्डरात पीएचपी फाइल चढवता येत असेल आणि सर्व्हर ती चालवत असेल, तर ती फाइल तुमच्या मूळ खात्याच्या हक्काने चालते आणि वरच्या फोल्डरांपर्यंतही पोहोचू शकते.