कानात वाजणारा आवाज कोणाचा? बडोद्यातील एका श्रवणतपासणी केंद्राचा अनुभव

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षे पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी काढल्यानंतर गेली दोन वर्षे माझ्या डाव्या कानात रात्री रातकिड्यांसारखी किरकिर चालते. त्यासाठी दांडिया बाजारातील आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका खासगी केंद्रात मी तपासणी करून घेतली.

पहिली फेरी फुकट गेली आणि त्याचा दोष केंद्राचा आहे. नवरात्रीचे दिवस होते. आदल्या रात्री नातीबरोबर गरब्याच्या मैदानात भल्यामोठ्या स्पीकरसमोर मी तीन तास उभा होतो. मोठ्या आवाजानंतर काही काळ ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटते, म्हणून श्रवणमापनापूर्वी १४ ते १६ तास शांततेत घालवायचे असतात. ही सूचना फोनवर वेळ देतानाच द्यायला हवी होती. ती मला खुर्चीत बसल्यावर मिळाली आणि आठवडाभराने पुन्हा जावे लागले.

दुसऱ्या खेपेस मात्र तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी यंत्राला हात लावण्यापूर्वी वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले. "काका, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का? मधूनच टकटक होते का? कुठली औषधे चालू आहेत?" नाडीच्या तालावर येणारा आवाज रक्तप्रवाहाचा असू शकतो, रक्तक्षय, थायरॉइडचा वाढलेला जोर किंवा कानाजवळच्या रक्तवाहिनीतील दोष त्यामागे असतो, आणि तसे असल्यास आधी डॉक्टरांकडे पाठवावे लागते. टकटक ही मधल्या कानातील किंवा टाळूच्या स्नायूंच्या आचक्यांमुळे होते. हे आवाज शरीरात खरोखर निर्माण होतात आणि कधीकधी डॉक्टरांनाही स्टेथोस्कोपने ऐकू येतात. औषधांचा प्रश्न ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रा, क्विनीन आणि जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके यांच्यासाठी होता. माझ्या बाबतीत यातले काहीच निघाले नाही.

यानंतरची चाचणी मला सर्वांत जास्त आवडली. कानात मऊ बोंडी बसवतात; तिच्यात बारीक स्पीकर आणि मायक्रोफोन दोन्ही असतात. स्पीकरमधून टिकटिक पाठवली की निरोगी कान काही मिलिसेकंदांत स्वतःचा क्षीण आवाज परत पाठवतो. अंतर्कर्णातील शंखाच्या आकाराच्या नळीत सुमारे १२,००० बाह्य रोमपेशी असतात. त्या आवाज नुसता झेलत नाहीत, तर आखडून-लांबून त्याला जोर देतात आणि त्यातली थोडी कंपने हाडांच्या साखळीतून पडद्याकडे उलट येतात. थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये कानात असे काही सक्रिय काम चालत असावे असे मांडले होते, आणि लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो आवाज प्रत्यक्ष टिपला. काही कान तर बाहेरून काहीही न ऐकवता एखादा बारीक सूर काढत असतात, आणि बहुतेकदा त्या कानाच्या मालकालाच तो ऐकू येत नाही! तान्ह्या बाळाला उत्तर द्यावे लागत नाही म्हणून प्रसूतिगृहांत हीच तपासणी वापरतात.

माझा उजवा कान व्यवस्थित बोलला. डावा कान ४,००० हर्ट्झच्या आसपास मुका निघाला आणि श्रवणमापनाच्या आलेखातही तिथेच खड्डा होता, म्हणजे जुन्या प्रेसची खूण. मायक्रोफोनला डाव्या कानात रातकिडे सापडले नाहीत, कारण तो आवाज हवेत नव्हताच. जिथून संदेश येणे कमी झाले तिथे मेंदू आपली पट्टी चढवतो, असे त्याचे आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. सुश्रुतसंहितेतील २८ कर्णरोगांमध्ये कर्णनाद आहे, त्यामुळे दुखणे नवे नाही.

उणिवाही सांगतो. आवाजबंद खोलीचे दार नीट मिटत नाही. मंद सूर ऐकवताना बाहेरच्या स्कूटरचा हॉर्न आत येत होता. निकाल हाती येण्यापूर्वीच स्वागतकक्षातील मुलाने श्रवणयंत्रांचे दरपत्रक पुढे केले, ते मला अजिबात रुचले नाही. बाईंनी मात्र तूर्त यंत्राची घाई नको, रात्री पंख्यासारखा मंद आवाज चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा या, असे स्पष्ट सांगितले. अहवालाची प्रत त्याच दिवशी हातात मिळाली. जाणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ मागावी, कारण अकरानंतर रस्त्याचा गोंगाट वाढतो.